पाचवा भाग टपालानं

उसाचा फड, सांगलीकडे
१६ नोव्हेंबर

संस्के,

आधी मले मनसोक्त शिव्या देऊन घे, मंग पुढं वाच. झालं? आता आयक.

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मायी माय, याडी, न्हाणीत घसरून पडली आन उजवं मनगट मोडलं. चार दिवसानं टोळीची गाडी तांड्यावर येऊन उभी. तुले माहीत नसन म्हणून सांगते, इथी कोयता म्हणजे एक मानूस नाई, जोडी. एकानं ऊस तोडाचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधाच्या. एकटा बापू म्हणजे अर्धा कोयता, आन अर्ध्याले टोळीत कोनी घेत नाई. मंग याडीच्या जागी मी. याडीबी सोबत आली, डाव्या हातानं भाकर थापते. त्या भाकरी पाहून मले भूगोलाचा पेपर आठवते, एकही गोल नाई, साऱ्या खंडासारख्या. तुले सांगाले वेळच भेटला नाई, रागावू नको.

बापूचा फोन बटनवाला हाय. तो मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्ज होते, आन बोलाले घेतला का सारी टोळी 'कोन व्हय, कोन व्हय' करत जवळ येते. म्हणून कागद. मागच्या बाजूले फाट्यावरच्या किराणा दुकानाचा पत्ता लिहला हाय.

आता महत्त्वाचं. 'अमावस्या हायस्कूल'चा चवथा भाग तुया दप्तरातून मीच आणला. चोरला नाई, उसना घेतला, तुले न सांगता. तिनदा वाचून झाला. इरा तळ्याच्या काठावर उभी हाय, तो मेलेला विवान म्हणते, "माझ्यासारखी हो, कायम सोळा वर्षांची राहशील," इरा तोंड उघडते, आन पुस्तक खतम! त्या लेखिकेले एकदा फडात आणून उभी केली पायजे. पाचवा भाग आला का? आला असन तर धाड, तुई शपथ, मोळी बांधता बांधता माया डोक्सात तेच तळं राहते.

दहावीचं इचारू नको. पुढच्या सालीबी दहावी असनच, ते कुठं पळून चालली.

मंजू

मानोरा
२६ नोव्हेंबर

चोट्टे मंजे,

ते पुस्तक मी गादीखाली, पलंगाखाली, आत्याच्या शिलाई मशीनमागं, साऱ्या घरात शोधलं. ज्योत्स्ना आत्यानं इचारलं काय हरवलं वं, मी म्हटलं भूमितीचं पुस्तक. मायं भूमितीवरचं प्रेम तिले माहीत हाय, तिनं लगेच ओळखलं आन वरून दोन टोमणे मारले. ते टोमणे तुया नावावर.

'पुढच्या सालीबी दहावी असनच' हे वाचून मायं डोक्सं फिरलं. आपल्या वर्गात असं म्हणणारा एकच, हरीओम, आन त्याले आता मिशा आल्या. विवान एकशे चाळीस वर्षांपासून दहावीत हाय, पण त्याचा बाप जहागीरदार होता, त्याले परवडते. तुयं तसं हाय का? रामराव सरांनी तुया फॉर्म भरला. सर म्हणे, येईन का नक्की? मी म्हटलं हाव, येनार. आता मले खोटी पाडू नको. वीस फेब्रुवारीले मराठीचा पेपर हाय.

बस झालं. आता खुशखबर. पाचवा भाग आला! आत्याच्या ओळखीची एक बाई वाशिमले राहते, तिच्याजवळ एकच प्रत हाय आन ती घराबाहेर जाऊ देत नाई. मी दर रविवारी जाऊन तिथीच बसून वहीत उतरवून घेऊन राह्यली. पयलं प्रकरण सोबत हाय. कागद वाया जाऊ नये म्हणून मागच्या बाजूले विज्ञानाच्या नोट्स लिहल्या. नजर गेली तर वाचजो.

अट एकच. शेवटचं प्रकरण टपालानं येनार नाई. ते वीस तारखेले परीक्षेच्या सेंटरवर हातात भेटन.

संस्कृती

उसाचा फड
९ डिसेंबर

संस्के,

काय सांगू, इथी तमाशा होऊन राह्यला. पयलं प्रकरण मी मनातच वाचत होती, पण एका जागी हसू आलं. सोनीबाई म्हणे, एकटीच काय हसतं येड्यासारखी, मोठ्यानं वाच. आता रोज दुपारी ट्रॉलीची वाट पाहता पाहता सारी टोळी माया भोवती बसते. आधीचे चार भाग मले तोंडी सांगा लागले, माया घसा बसला.

सोनीबाई म्हणजे माया मोठ्या बापाच्या साळ्याची बायको, जिभेले हाड नाई. विवानचं वर्णन आयकून म्हणते, "पोट्टं जेवत नाई, उन्हात निंगत नाई, पांढरंफटक पडलं, आन पोरगी त्याच्यावर मरून राह्यली? त्याले पयले सलाईन लावा." मोहनसिंग मुकादम म्हणते, एकशे चाळीस वर्षांचा हाय तर शाळेत कायले जाते, घरी वावर नाई का त्याच्या? याडीचं येगळंच. "ते इरा रोज एकटी जंगलात जाते, तिले कोनी इचारत कसं नाई? आपल्या तांड्यात पोरगी हातपंपावर गेली तरी चार जन इचारते." पुस्तकातल्या पोरींचे मायबाप नेहमी परगावी काहून असते, हे मलेबी आजवर समजलं नाई.

बापू आयकत नाई. पाठ करून कोयत्याले धार लावत बसते. पण काल माया हातून एक पान उलटून गेलं, तर तिकडून आवाज आला, "मधलं राह्यलं."

आता एक सांग. त्या लेखिकेले पाचव्या भागात काय झालं? चवथ्या भागापर्यंत विवान पियानो वाजवत होता. आता तो पहाटी उठून गाईले कुटार टाकते. थंड हवेच्या ठिकाणच्या हायस्कुलात गाय कुठून आली? आन ते चेटकीण वॉर्डन ज्वारीचं पीठ चाळता चाळता मंत्र म्हणते. मले तर मस्त वाटलं, सोनीबाईनं दोनदा वाचाले लावलं, पण कसं काय?

आमाले इथी भुताचं भेव नाई. बिबट्याचं हाय. परवा पलीकडच्या फडात दिसला म्हणे, तवापासून याडी मले पानी आणालेबी एकटी जाऊ देत नाई. पुढचं लवकर धाड. भिंगाच्या नोट्स वाचल्या, बहिर्वक्र आन अंतर्वक्र अजूनबी माया डोक्सात भांडून राह्यले.

मंजू

मानोरा
१९ डिसेंबर

मंजे,

लेखिका गावाकडं राहून आली असन, तुले काय करायचं? लेखिकेनं गाय पाळली तर तिची मर्जी. तू वाच.

मले खरं खरं सांग, बापू सोताहून म्हणे 'मधलं राह्यलं'? म्हणजे ते सारं आयकते! हे मले फार महत्त्वाचं वाटून राह्यलं. काहून ते इचारू नको.

दोन ते पाच अशी चार प्रकरणं एकदमच धाडून राह्यली. माया हाताले घट्टे पडले, उतरवून उतरवून. पाचव्या प्रकरणात इराचा बाप येते. मंजे, ते प्रकरण जोरानं वाचजो. बापू जवळ बसले असतीन तवाच वाचजो. ते धार लावत असले तर धार लावणं थांबू दे, मंग वाच.

प्रॅक्टिकल फेब्रुवारीत हाय. रामराव सर रोज हजेरीत तुयं नाव घेते, आन मी रोज सांगते, येऊन राह्यली सर. हरीओम मागून म्हणते, विवानसंगं गेली. मी त्याले कंपास फेकून मारला.

संस्कृती

उसाचा फड
४ जानेवारी

संस्कृती,

पुरं नाव लिहलं म्हणजे समजून जा.

तू सांगितलं तसंच केलं मी. बापू जवळ होता, ट्रॉली आली नोती, सारी टोळी बसली होती. मी जोरानं वाचलं. "इराचे वडील गंभीर आवाजात म्हणाले, 'कामे होत राहतील. परंतु मुलीचे शिक्षण थांबवणारा बाप हा पिशाच्चाहूनही वाईट!'" हे माया तोंडातून निंगून गेल्यावर मले समजलं मी काय वाचलं. कोनी हसलं नाई. सारे बापूकडं पाहत होते.

बापू उठला, माया हातातून कागद घेतले, बराबर घडी केली आन खिशात ठेवले. म्हणे, "त्या पोरीले लिह, धनसिंगच्या घरात बाहेरून बाप धाडू नको म्हणा." आन फडात निंगून गेला. त्या दिवशी तो जेवला नाई.

तुले काय वाटते, माया बाप राक्षस हाय? मले कधी त्यानं शाळेतून काढतो म्हटलं नाई. मी तिसरीत असताना पोहरादेवीच्या यात्रेत मले ताप चढला तर खांद्यावर बसवून तांड्यापर्यंत चालत आणलं त्यानं. त्याच्याजवळ दुसरा हात नाई म्हणून मी इथी हाय. आन तू त्याले साऱ्या टोळीपुढं पिशाच्च केलं, तेबी माया तोंडानं.

आन आता आयक. मले पयल्या पानापासून माहीत होतं का हे तू लिहून राह्यली. आसेगावच्या तुया आबाची गाय शिंगानं फाटक उघडते, तशीच त्या हायस्कुलातली उघडते. वाशिमची बाई-बिई कोनी नाई. मी चूप राह्यली, कारण मले तुयं आवडत होतं. त्या खऱ्या लेखिकेपेक्षा जास्त आवडत होतं. पुढं काय होईन म्हणून मी दिवसभर वाट पाहत होती, आन तू त्यातून मले उपदेश पाजला.

आता पत्र धाडू नको.

मंजू

मानोरा
१४ जानेवारी

मंजू,

धाडू नको म्हटलं तरी धाडून राह्यली. यात गोष्ट नाई, मागच्या बाजूले नोट्सबी नाई.

पाचवा भाग आलाच नाई. येनारबी नाई. पुस्तकाच्या दुकानदारानं आत्याले सांगितलं, ते मालिका बंद झाली. तुया पयल्या पत्रात तू दहावीचं इचारू नको म्हटलं, पण पाचव्या भागाचं शपथ घालून इचारलं. मले वाटलं, पोरगी पेपरसाठी येनार नाई पण भुतासाठी येईन. म्हणून लिहाले बसली. मंग लिहता लिहता मलेच मजा याले लागली, आन बापू आयकते म्हटल्यावर माया डोक्सात हवा गेली. मले वाटलं, मी एक बाप लिहीन आन काम होऊन जाईन. मी गाढव हाय. धनसिंग काकाची माफी मागते. तुईबी मागते.

खरं सांगू का, मले तुया भविष्याची एवढी काळजी नोती जेवढी मायी होती. पाचवीपासून प्रत्येक परीक्षेले तू माया पुढच्या बाकावर हायेस. मले एकटीले भेव वाटते.

शेवटचं प्रकरण माया जवळ नाई. इरा काय उत्तर देते हे मलेबी माहीत नाई. दहादा लिहलं आन दहादा फाडलं.

संस्कृती

मानोरा
२३ जानेवारी

मंजे,

हॉल तिकीट आलं. तुयं मी ठेवून घेतलं. फोटोत तू चोरासारखी दिसून राह्यली.

संस्कृती

उसाचा फड
५ फेब्रुवारी

संस्के,

तुई दोनी पत्रं भेटली. फोटोचं तू बोलू नको, तुया फोटोत तुई एक भिवई वर हाय.

तुयं लिहणं बंद झाल्यावर बारा दिवस टोळीत कोनी गोष्टीचं नाव काढलं नाई. मंग सोनीबाईच्यानं राहावलं गेलं नाई. "मंग त्या पोरीचं काय झालं? मेली का जगली, काही तरी सांग." कागद तर नोते, म्हणून मीच सुरू केलं, तोंडी, जसं सुचन तसं.

मायाबी गोष्टीत इराचा बाप येते. पण तो भाषण देत नाई. धुक्यात त्याची एक चप्पल हरवते, तो एका पायानं हायस्कुलात येते, आन पोरीले सोडून आधी चप्पल शोधत बसते. विवान समोर येते, लाल डोळे, सुळे दात. बाप त्याले पाहून घाबरत नाई. म्हणते, "जेवला का रे तू?" एकशे चाळीस वर्षांत विवानले हे कोनी इचारलं नोतं, तो तिथीच रडाले लागते. सारी टोळी लोळून लोळून हसली. बापू पाठमोराच बसला होता, पण त्याचे खांदे हालत होते.

दुसऱ्या दिवशी गोष्ट तळ्यावर आली. विवाननं इचारलं, इरानं तोंड उघडलं, आन मी थांबली. पुढचं सुचेचना. मंग बापूनं तोंड मायाकडं फिरवलं.

"मंग? काय म्हणते ते?"

"मले नाई माहीत बापू. आतापर्यंत सारे तिले सांगूनच राह्यले. तिच्या मनात काय हाय ते कोनी आयकलंच नाई."

बापूनं कोयता खाली ठेवला. "तुया मनात काय हाय?"

"मले पेपर द्याचा हाय."

बस, एवढंच बोलली. संस्के, हे वाक्य मी याच्याआधी बापूपुढं कधी बोललीच नोती! याडीचा हात मोडला त्या दिवशी कोनी काही म्हणाच्या आधीच मी माये कपडे पिशवीत भरले होते. बापूले वाटलं, पोरीले याचंच हाय. मले वाटलं, बापूनं ठरवलंच हाय. अडीच महिने दोघं एका फडात, एक तोडते, एक बांधते, आन कोनी कोनाले इचारलं नाई. तू तर सारं सोडून भुताच्या तोंडून इचारत होती.

बापू म्हणे, "आधी काहून नाई बोलली?" मी म्हटलं, "तुमी काहून नाई इचारलं?" सोनीबाई म्हणे, "बापलेक दोघंबी येडे, ट्रॉली आली, उठा."

तिसऱ्या दिवशी बापूनं मोहनसिंगले सांगितलं, पोरगी चालली. मोहनसिंग लय भडकला. सोनीबाईनं त्याले एका दमात चूप केलं, म्हणे मायं उरकून याच्या मोळ्याले हात लावीन. परवाच्या गाडीत बापू मले बसवून देते, हे पत्र पोचाच्या आधी मीच पोचीन कदाचित. तांड्यावर गोमती आजीजवळ राहीन आन रोज तुयाकडं अभ्यासाले येईन. प्रॅक्टिकलचं तू सरांना काहीबी थाप मार.

याडीचं पलस्तर निंगालं, पण मूठ वळत नाई. बापूचं एकट्याचं कसं होईन, हेच डोक्सात फिरून राह्यलं. मले रडू येऊन राह्यलं आन मले पेपरबी द्याचा हाय. दोनी गोष्टी खऱ्या हाय, एक लिहून दुसरी खोडता येत नाई.

मंजू

उसाचा फड
१२ फेब्रुवारी

संस्कृती पोरीले, धनसिंगचा रामराम.

चवथीनंतर कागद लिहाचं काम पडलं नाई. चुका सांभाळून घेजो. टपालाले वेळ लागते म्हणून हे पत्र तिकडं चाललेल्या गाडीवाल्याच्या हाती धाडतो; मंजूले दाखवू नको, घरात ठेवूबी नको.

तुया लिहलेला बाप अजून माया खिशात हाय. तवा मले राग आला होता. आता नाई, पण कागद वापस भेटनार नाई. पोरी, बाप असा बोलत नसते. एवढे शब्द त्याच्याजवळ नसते. असते तर दिवाळीतच बोललो नसतो का?

मंजू पोचल्याचं समजलं. तांड्यावरून कोनाच्याबी फोनवरून रोज फोन करते. बापू, कसं चाललं? मी म्हणतो, मस्त. तिचा भरोसा बसत नाई. म्हणते, तुमचा आवाज बराबर नाई, मी येऊ का वापस? पेपरच्या आधी ते खरंच येऊन उभी राहीन, मी ओळखतो तिले.

खरं सांगतो, नाई जमून राह्यलं. सोनीबाई तिचं उरकून येते, तिचीबी पाठ भरून येते. ललितानं, मंजूच्या याडीनं, काल हट्टानं मोळी बांधली, हात पुन्हा सुजला. मी तोडतो, कोयता ठेवतो, बांधतो, पुन्हा कोयता उचलतो. काल माया फडाजवळ ट्रॉली दोन घंटे उभी राह्यली, मोहनसिंग चार लोकात बोलला. बोलू दे. पेपर संपेपर्यंत मी निभावून नेतो. पण हे तिले समजलं तर ते पेपर देनार नाई.

मी तिले चिठ्ठी लिहाले बसलो होतो, सारं ठीक हाय म्हणून. तीन कागद फाडले. खोटं मले लिहता येत नाई. तुले येते. तुये पयले चार प्रकरणं मले खरे वाटले होते, देवाशपथ, मी रोज तळ्याचा इचार करत होतो.

म्हणून एक काम कर. माया नावानं तिले पत्र लिह. तुया आत्याच्या हातानं उतरवून घेजो, मंजू तुयं अक्षर ओळखते. मोहनसिंगनं लिहून देल्लं म्हणून सांगजो. लिह का याडीचा हात बरा झाला. लिह का दोघं मिळून सारी टोळी मागं टाकून राह्यले, आन सांजीले सोनीबाईच्या गोष्टी आयकून बापू हसते. जास्त गोड लिहू नको, तिले शंका येईन. मधी एखादी शिवी टाकजो, मी देतो तशी.

मागच्या बारीले तिनं तुले पयल्याच पानावर पकडलं म्हणे. आता पकडली नाई पायजे. या बारीले बाप बराबर लिह, पोरी, आन वीस तारखेच्या आधी तिच्या हातात दे.

धनसिंग